420 नोंदी

एका पावसाळ्यात सोलापूरच्या अशोक चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, पहिली ते चौथीला वर्षाला 1000 रुपये. त्या अर्जासाठी त्यांना मुलीच्या प्रगतिपुस्तकाची प्रत हवी होती. मशीनवर उघडं ठेवलेलं पान सहज वाचलं गेलं. 'परिसरातील घटनांचे बारकाईने निरीक्षण करतो.' वर ठळक अक्षरात मुलीचं नाव आणि खाली 'करतो'. माझा भाचा नांदेडला शिकतो. त्याच्या प्रगतिपुस्तकातही हेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. घरात आम्ही त्यावर कौतुकानं बोललो होतो की बाईंनी पोराला बरोबर ओळखलंय.

नांदेडचा मुलगा आणि सोलापूरची मुलगी एकाच वाक्यात कशी मावली, हे बघावं म्हणून एप्रिल 2025 च्या शेवटी पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत गेले. पूर्व भाग म्हणजे सोलापूरचा तेलुगू बोलणारा भाग. पुरुष यंत्रमागावर, बायका विडीवर, आणि पोरं घरी तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीपुढे हिंदी. महापालिकेच्या शाळाही या शहरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या. मी गेले ती शाळा मराठी, पण मैदानातला आरडाओरडा निम्मा तेलुगूत चाललेला.

त्या वर्षी राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षांचं एकच वेळापत्रक लावलं होतं, 8 ते 25 एप्रिल. निकाल 1 मे रोजी. म्हणजे शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यात पाच दिवस, त्यात एक रविवार. शिक्षक संघटनांनी आरडाओरड केली, वेळापत्रक तसंच राहिलं. शाळा सकाळची. मुलं गेली की तिसरीच्या बाई रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेत, कारण सोलापूरचं एप्रिलचं ऊन एकदा वर्गात शिरलं की संध्याकाळपर्यंत हलत नाही. मग त्या टेबलावर नोंदवही उघडत.

"एका मुलाच्या दहा नोंदी," बाई म्हणाल्या. "सात विषयांच्या सात. मग विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. मुलं बेचाळीस. करा गुणाकार."

"चारशे वीस."

"हां. आता कळलं का, आम्ही काय धंदा करतो ते?" आणि त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी डोकावून पाहिलं. विनोद जुना असणार. गुरुजी हसले नाहीत.

420 हा आकडा एका सत्राचा. दिवाळीच्या आधी तेवढ्याच नोंदी झालेल्या असतात. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तीसच मुलं असती तर 300 झाल्या असत्या आणि विनोद हुकला असता.

बाकीचं काम हात आपोआप करतात. तिसरीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे सत्रभरातल्या कामावरचं, 60 गुणांचं; संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचं, 40 चं. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, चाचणी वगैरे आठ साधनं. बेरीज, श्रेणी, निकालपत्रक, आणि पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरणं वेगळं. बाई हे करताना माझ्याशी गप्पा मारत होत्या. नोंदी लिहायला घेतल्यावर मात्र गप्प झाल्या.

टेबलाच्या खणातून एक पुस्तिका निघाली. झेरॉक्स, कडा मऊ पडलेल्या, पानापानावर पेनच्या खुणा. तिच्यात तयार वाक्यं. विषयवार लावलेली, आणि प्रत्येक विषयात श्रेणीवार. 91 च्या पुढे गुण, म्हणजे अ-1, तर ही दहा वाक्यं. ब-2 असेल तर ती दहा. क-2 ला वेगळी. हीच पुस्तिका आता मोबाईलवर पीडीएफ होऊन फिरते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या गटांतून एकाच वेळी सगळीकडे पोचते. सोलापूर जिल्ह्याला शाळेतल्या तंत्रज्ञानाचं नाव आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी. प्रगतिपुस्तकाच्या वाट्याला तंत्रज्ञान आलं ते नक्कल सोपी करण्यापुरतं.

मला खटकली ती वाक्यं नव्हेत, त्यांचा क्रम खटकला. मुलाकडे बघायचं, दिसलं ते लिहायचं, आणि त्यावरून श्रेणी काढायची, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात श्रेणी आधी येते आणि मग तिला शोभेल असं वाक्य पुस्तिकेत शोधलं जातं. बाईंचं बोट ब-1 च्या यादीवरून खाली सरकायचं, एका वाक्यावर थांबायचं, आणि मुलाच्या नावापुढे ते वाक्य उतरायचं. आधीच्या मुलाला दिलेलं वाक्य पुढच्याला द्यायचं नाही, हा त्यांनी स्वतःपुरता पाळलेला नियम. पुस्तिकेतली वाक्यं बहुतेक पुल्लिंगी. मुलीचं नाव आलं की 'करतो'ला 'करते' करायचं.

"पस्तिसाव्या पोरापाशी आलं की पोरीचा पोरगा होतो," बाई म्हणाल्या. झेरॉक्सच्या दुकानातला 'करतो' कुठून आला, हे मी पुढे विचारलं नाही.

ही पद्धत आली ती चांगल्या हेतूनं, हे लिहायला हवं. मुलांची घोकंपट्टी कमी व्हावी, परीक्षेची भीती जावी, हे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं म्हणणं. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात ते शाळाशाळांत पोचलं. त्याआधी घटक चाचणी, सहामाही, वार्षिक, आणि शेवटी वर्गात पहिला-दुसरा नंबर. माझ्या पिढीच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं अधोरेखित केलेला आकडा असे, आणि तो बापाच्या हातात देताना पोटात गोळा येई. ते गेलं, चांगलंच झालं. पण एका मुलावर दहा वाक्यं लिहायची तर त्या मुलाकडे तेवढा वेळ पाहायला हवं, हे कुणी धरलंच नाही. रकाने आले, वेळ आला नाही. तपासणीला येणारे साहेब रकाना रिकामा आहे का तेवढं बघतात. आत काय आहे ते आजवर कुणी वाचून दाखवलेलं नाही, असं बाईंचं म्हणणं, आणि मला ते खरं वाटलं.

दुसऱ्या खणात पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं होती, दिवाळीनंतर पालकांच्या सह्या होऊन परत आलेली. त्या गठ्ठ्याची नाडी सोडली आणि वर्गभर तंबाखूचा वास सुटला. ओल्या पानाचा आणि कोरड्या तंबाखूचा मिळून येतो तो, नाकात बसणारा. घरात कागद ठेवायची जागा म्हणजे विड्या वळायच्या सुपाशेजारची फळी, मग वास लागणारच. बाईंनी एक पुस्तक नाकाशी धरलं आणि नाव न बघता कुणाचं ते सांगितलं. यंत्रमागवाल्यांच्या घरची पुस्तकं वासावरून नाही, हातावरून कळतात. पानांना कापसाचे तंतू चिकटलेले असतात. सहीच्या जागी कुठे इंग्रजी सही, कुठे अंगठा. अंगठ्याभोवती तपकिरी डाग.

'पालकांचा अभिप्राय' या ओळीत बहुतेकांनी काही लिहिलं नव्हतं. काहींनी 'ठीक'. एकात तेलुगू लिपीत ओळभर मजकूर होता. बाई तेलुगू फर्डी बोलतात. त्यांचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते आणि लहानपण पद्मशाली शेजारात गेलं. पण लिपी येत नाही. ती ओळ त्यांनी शिपाईमामांकडून वाचून घेतली होती. आईनं लिहिलं होतं की हा रात्री अभ्यासाला बसत नाही, दिवे गेले की खूश होतो, बाई तुम्ही रागवा.

त्या अख्ख्या गठ्ठ्यात मला जेवढं चाळायला मिळालं, त्यात एका विशिष्ट मुलाबद्दलचं वाक्य हेच एक होतं. ते शाळेनं लिहिलेलं नव्हतं.

आवड-छंद हा रकाना पुस्तिकेतून भरायचा नाही, मुलांना विचारून भरायचा, हा बाईंचा दुसरा नियम. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी त्यांनी एकेकाला टेबलाशी बोलावलं. मी मागच्या बाकावर होते. मुलांची उत्तरं क्रिकेट, मोबाईल, क्रिकेट, पतंग, मोबाईल. मोबाईल लिहायचा नसतो, म्हणून पुन्हा विचारायचं. मग मुलगा विचार करून "चित्र" म्हणतो आणि सुटतो. मुलींत रांगोळी, नाच, एकीला वरातीतला बँड.

मग एक बारीक चणीची मुलगी आली, दोन वेण्या, एक सुटलेली.

"तुला काय करायला आवडतं गं?"

"तोंडं मोडायला."

बाईंना लगेच कळलं, मला नाही. मुलीनं माझ्याकडे बघून हातानं करून दाखवलं. आई पानात तंबाखू भरून विडी वळते, दोरा गुंडाळते, आणि विडीची उघडी टोकं आत दुमडून बंद करायचं काम हिचं. डाव्या हातात नसलेली विडी धरून उजव्या अंगठ्याच्या नखानं तिनं तीन-चार टोकं मोडली, इतक्या झपाट्यानं की मी पुन्हा दाखव म्हटलं. मालिका संपायच्या आत शंभर होतात, म्हणाली. अभिमानानं म्हणाली.

बाईंनी नोंदवहीत लिहिलं: 'हस्तकलेची आवड आहे.'

मुलं गेल्यावर मी विचारलं. त्या जरा चिडल्याच. "दुसरं काय लिहू? खरं लिहिलं तर उद्या तिच्या आईला कुणी विचारायला यायचं. आणि खोटं कुठं लिहिलंय? हातानंच करते ना?"

ते 'हस्तकला' अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बालमजुरीचा प्रश्न मोठा आहे, तो इथे दोन ओळींत उरकायचा नाही. पण त्या एका शब्दात त्या मुलीचं घर, तिच्या आईच्या मजुरीची गरज, कायद्याची भीती आणि बाईंची माया एवढं सगळं दडपून ठेवलेलं होतं. आणि वाचणाऱ्याला दिसणार होतं ते कागदाचं फूल.

त्याच मुलीची गणिताची नोंद मी वाचली. गुण बेताचे, श्रेणी क-1, आणि त्या यादीतलं वाक्य: 'गुणाकाराची संकल्पना समजण्यास मदत लागते.' बाईंनी लिहिलं खरं, पण पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे काही खरं नाही बघा. हिला पंचवीसचा पाढा चाळीसपर्यंत येतो." घरी पंचवीस-पंचवीस विड्यांची बंडलं बांधतात, चाळीस बंडलं झाली की हजार. किती विड्या झाल्या आणि हजाराला किती कमी, हे ती तोंडी सांगते, आईच्या आधी सांगते. कागदावर मांडणी केली की हातचा विसरते. म्हणजे हिला गुणाकार कळतो, मांडणी कळत नाही. शिकवणाऱ्याला उपयोगी पडेल अशी याहून नेमकी नोंद कोणती?

"मग हेच लिहा की."

"कुठं? रकाना बोटभर आहे. आणि अजून एकतीस पोरं आहेत."

मला बाईंचा राग आला नाही. ज्या माणसाला इतकं दिसतं, त्याच्या हातात ती पुस्तिका देणाऱ्या व्यवस्थेचा आला.

1 मे रोजी झेंडावंदन झालं, महाराष्ट्राचं गीत झालं, मुख्याध्यापकांनी भाषण थोडक्यात केलं, कारण ऊन सगळ्यांच्याच डोक्यावर होतं. कामगार दिन असल्यानं वडीलही बरेच आले होते, एरवी येत नाहीत. मग वर्गावर्गांत निकाल. आया दारातच चपला काढून आत येत, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच.

"पास अयिंदा, टीचर?"

शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानं आठवीपर्यंत कुणाला नापास करून मागे ठेवता येत नव्हतं. 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती मुभा दिली आणि महाराष्ट्रानं 2023-24 पासून त्या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. तिसरीत आजही कुणी नापास होत नाही. कायद्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरी आया विचारतातच, आणि बाई प्रत्येकीला तितक्याच गांभीर्यानं सांगतात, पास. कुणीही त्या दहा नोंदी तिथे उभ्यानं वाचल्या नाहीत. पान उलटलं, श्रेण्यांवरून नजर फिरली, 'वरच्या वर्गात' हे शब्द सापडले की पुस्तक मिटलं.

खरी गोष्ट त्यानंतर घडते, आणि तिला कुठलाच रकाना नाही. बाई टेबलावरून पुढे वाकतात आणि मराठी-तेलुगूची भेळ करून बोलू लागतात. दोन मिनिटं, जास्तीत जास्त तीन. मागे रांग असते. एकीला सांगितलं, याला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासा, सिव्हिलला न्या. एकाला, मारू नका, मारता हे मला त्याच्या वहीवरून कळतं. एका आजीला, नात तुमच्याशी तेलुगूत बोलते तशी माझ्याशी मराठीत बोलत नाही, पण कळतं तिला सगळं, काळजी नको. यातलं एकही वाक्य पुस्तिकेत नाही, आणि प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याची मान हलली.

सुटलेल्या वेणीवालीची आई आली. बाई म्हणाल्या, "अक्का, पोरीचं डोकं हिशोबाला लई चांगलं आहे. कागदावर हातचा विसरते एवढंच. सुट्टीत रोज पाच गणितं मांडून घ्या. आणि विड्यांची तोंडं जरा कमी."

"मग तोंडं मोडायला तुम्ही येताय काय?" अक्का म्हणाल्या. दोघीही हसल्या. हसणं थांबल्यावर अक्कांनी विचारलं, "पाच म्हणजे, वहीत?"

"वहीत."

नंतर तीन पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला थांबले. त्यांना शहराबाहेर कुंभारीला रे नगरमध्ये घर मिळालं होतं. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. मग रे नगर, 30,000 घरांचं, त्यातल्या 15,000 घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते झाला. बायकांना हक्काचं छप्पर मिळालं, आणि शहरातल्या या शाळांची पटसंख्या त्या बाजूला सरकली. जाणाऱ्या मुलाबरोबर दाखला जातो, नोंदी जातात. टेबलावरून वाकून सांगितलेलं मात्र जात नाही. नव्या शाळेतल्या शिक्षकाला 'परिसरातील घटनांचे बारकाईने निरीक्षण करतो' एवढंच कळणार.

आता पुन्हा नवं येऊ घातलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे: शिक्षक मूल्यमापन करणार, मूल स्वतःचं करणार, सोबत्यांचं करणार, पालकांचंही मत येणार. हसरे-रडके चेहरे रंगवायचे वगैरे. कल्पना वाईट नाही. मूल स्वतःबद्दल काय म्हणतं हे ऐकायला मला आवडेल. बाईंना मी ते वर्णन करून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्यात नोंदी किती?"

मी म्हटलं, तुम्हाला ठरवायला दिलं तर किती ठेवाल?

"एक. बोटभर नको, अर्धं पान द्या. बेचाळीस मुलं, बेचाळीस नोंदी. पुस्तिका फेकून देते. रात्री जागून लिहीन, पण माझं मी लिहीन."

पालकांना सांगणं एवढंच की निकालाच्या दिवशी पास का विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: बाई, आमच्या पोराचं तुम्हाला काय दिसलं? दोन मिनिटं मिळतील, ती सोडू नका. आणि पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत ज्यांच्या टेबलावर पुढच्या प्रगतिपुस्तकाचा नमुना येईल त्यांना विनंती: 420 मधल्या 378 नोंदी काढून टाका. उरलेल्या 42 बाई लिहितील.